चष्मेबाई समिती सोडतात

राजीनाम्याचं पत्र अवघ्या चार ओळींचं होतं, पण चष्मेबाईंना ते लिहायला तीन दिवस लागले. दुकानात गिऱ्हाईक नसलं की त्या नंबर लिहून द्यायच्या पॅडवर एखादी ओळ लिहायच्या, खोडायच्या, कागद फाडायच्या आणि कुणाच्या तरी चष्म्याचा ढिला स्क्रू पिळायला घ्यायच्या. तिसऱ्या दिवशी एक मसुदा त्यांनी घरी नेला आणि मिस्टरांपुढे ठेवला. मिस्टरांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी औषधाच्या खोक्यातला कागद असो की बसचं वेळापत्रक, छापलेलं काही हाती आलं की पेन्सिल कानावरून खाली यायचीच. त्यांनी पत्र वाचलं, एक स्वल्पविराम उडवला आणि दोन शब्दांखाली रेघ मारली.

"वैयक्तिक कारणास्तव," ते म्हणाले. "अगं, तुझं कारण वैयक्तिक कुठाय? तब्येत ठणठणीत, दुकान चालू, मी कुणाच्या अध्यात ना मध्यात. हे वाचून लोकांना वाटेल, यांच्या घरात काहीतरी बिनसलंय."

"मग काय लिहू?"

"खरं असेल ते लिही. शुद्धलेखन माझ्याकडे."

बाईंनी पत्र परत घेतलं. खरं लिहायचं म्हणजे चार ओळींत बसणार नव्हतं.

त्यांचं दुकान बाजाराच्या रस्त्यावर, औषधांच्या दुकानाला भिंत लावून. समोर आरसा, आरशाच्या दोन्ही बाजूंना फ्रेमा, मागे काच घासायचं चाक आणि त्या चाकापाशी कायम ओल्या काचेच्या भुकटीचा वास. हे दुकान बाईंनी वडिलांकडून घेतलं आणि वडिलांपेक्षा चांगलं चालवलं. त्या डोळे तपासत, काच घासत, फ्रेम बसवत आणि गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करून "हा तुम्हाला शोभत नाही" असंही तोंडावर सांगत. चष्मेबाई हे नाव मात्र दुकानाने दिलेलं नव्हतं, ते शाळेने दिलं. शाळेत शिकवणाऱ्या सगळ्याच 'बाई'. त्यातून यांना वेगळं काढायला पोरांनी नाव पाडलं, ते पोरांच्या तोंडून आयांच्या तोंडी गेलं, आणि काही वर्षांनी टपालवालासुद्धा चष्मेबाईंचं पत्र म्हणूनच हाक मारू लागला.

शाळेत त्या पहिल्यांदा गेल्या त्या भांडायला. मुलगी तिसरीत होती. तिच्या प्रगतिपुस्तकावर शेरा आला होता, 'वर्गात लक्ष नसते.' बाईंनी आधी मुलीला दुकानात बसवून डोळे तपासले. डोळे स्वच्छ. मग तिला विचारलं, तर तिने सांगितलं की फळ्यावरचं दिसत नाही, म्हणून ती शेजारणीच्या वहीतून लिहून घेते, आणि वर्गाच्या बाई त्यालाच लक्ष नसणं म्हणतात. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसल्या. खिडकीला पाठ लावून एक लोखंडी कपाट उभं होतं, मोडक्या खुर्च्या आणि जुने नकाशे भरलेलं. वर्गाचा मागचा निम्मा भाग दिवसाढवळ्या अंधारात होता.

त्यांनी तक्रारीचा अर्ज दिला नाही. शाळा समितीची बैठक कधी असते ते विचारलं, आणि त्या गुरुवारी काखेत अक्षरांचा तक्ता घेऊन हजर झाल्या. समितीत तेव्हा नऊ जण होते. बहुतेक वयस्कर, अध्यक्ष एक निवृत्त डॉक्टर. बाईंनी त्यांना पाच मिनिटं मागितली, सगळ्यांना तिसरीच्या वर्गात नेलं, मागच्या दोन बाकांवर दाटीवाटीने बसवलं आणि फळ्यावर तक्ता टांगला. मग एकेकाला अक्षरं वाचायला लावली. वरच्या दोन ओळी कशाबशा पार पडल्या. तिसऱ्या ओळीला नऊच्या नऊ जण अडकले. औषधवाले, म्हणजे बाईंचे दुकानशेजारी, तेही समितीत होते. त्यांनी 'म'ला 'भ' म्हटलं आणि मग चष्मा पुसायला घेतला. बाईंनी त्यांना सांगितलं की चष्मा राहू द्या, तो मीच केलाय, त्यात काही खोट नाही.

डॉक्टर बाकातून उठले तेव्हा त्यांचे गुडघे वाजले. ते एवढंच म्हणाले की कपाट उद्या हलेल, पण बाईंनी पुढच्या गुरुवारी यायचं. तक्ता आणला नाही तरी चालेल.

अशा त्या समितीत शिरल्या. पहिली दहा वर्षं सचिव, पुढची बारा अध्यक्ष. महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी साडेपाचला दुकानाचं दार ओढायचं आणि शाळेच्या वाचनालयात जाऊन बसायचं. तिथल्या खुर्च्या आठ वर्षांच्या मुलांच्या मापाच्या. बावीस वर्षं त्या गुडघे हनुवटीशी घेऊन बसल्या. या कामाला पगार नव्हता. फुकटचे शेरे मात्र भरपूर मिळत. मुलगी शाळा सोडून कॉलेजात गेली, शिकून दुसऱ्या शहरात दवाखान्यात नोकरीला लागली, तरी आई समितीत होतीच. मुलगी फोनवर विचारायची, "आई, तू पास कधी होणार?"

त्यांनी काय काय केलं याची यादी कुणी विचारली तर बाईंना चटकन आठवतही नसे. मुलींच्या स्वच्छतागृहांना आतून कड्या बसवल्या, कारण कड्या नव्हत्या आणि मुली दिवसभर पाणीच पीत नव्हत्या. दरवर्षी पहिलीच्या मुलांचे डोळे स्वतः तपासले. एकदा वरून पत्र आलं की मुलं कमी आहेत, शाळा दुसऱ्या शाळेत विलीन करू. तेव्हा बाई आणि औषधवाले घरोघर हिंडले आणि शाळेत न घातलेली एकेचाळीस मुलं हुडकून काढली. या सगळ्यात त्यांचं बरोबर असायचं, आणि आपलं बरोबर असतं याची त्यांना हळूहळू सवय लागत गेली.

चुकल्या त्या ठळकपणे एकदा. अकरा वर्षांपूर्वी नवा मुख्याध्यापक निवडायचा होता. तीन उमेदवार मुलाखतीला आले. त्यातला एक गणिताचा शिक्षक, कागदावर सगळ्यांत चांगला, पण बोलताना अडखळणारा. एखादा शब्द असा अडायचा की समोरच्याला तो स्वतः पुरा करून द्यावासा वाटे. तो बाहेर गेल्यावर बाईंनी स्पष्ट सांगितलं की माणूस हुशार आहे, पण प्रार्थनेच्या वेळी चारशे पोरांपुढे उभा राहिला तर पोरं आठवडाभरात त्याची नक्कल करतील, आणि मग ना त्याचं चालेल ना शाळेचं. त्यांनी विरोधात मत दिलं. एका मताने तो निवडून आला.

आठवडाभर बाईंना ते टोचत राहिलं. गाव लहान, समितीतल्या कुणाच्या ना कुणाच्या तोंडून हे त्याच्या कानावर जाणारच. मग एका सकाळी त्या स्वतःच त्याच्या खोलीत गेल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "मी तुमच्या विरोधात मत दिलं. का दिलं ते तुम्हाला कळलंच असेल. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून आले."

हेडसरांनी त्यांना बसायला सांगितलं. मग, एका शब्दावर थांबत, ते म्हणाले की हाच प्रश्न ते स्वतःला रोज सकाळी विचारतात. "तुम्ही वर्षभर बघा. मग पुन्हा सांगा."

वर्षभरात जे झालं ते बाईंनी अपेक्षिलं नव्हतं. पहिल्या महिन्यात पोरांनी नकला केल्या. दुसऱ्या महिन्यात कंटाळा आला. नंतर पोरं ऐकायला शिकली. हेडसरांचं वाक्य अडलं की चारशे पोरं गप्प उभी राहत, वाक्य पुरं होईपर्यंत. आणि मग वर्गातसुद्धा, एखाद्या पोराला उत्तर सुचायला वेळ लागला तर बाकीची त्याच्या अंगावर ओरडेनाशी झाली. वर्ष संपल्यावर बाईंनी बैठकीत सांगितलं की निवडीच्या वेळी आपलं चुकलं होतं, आणि हे इतिवृत्तात लिहायला लावलं. औषधवाल्यांनी कुजबुजत विचारलं, "वहिनी, हे लिहायची काय गरज?" बाई म्हणाल्या की आपण बरोबर होतो ते सगळं लिहून ठेवलंय, मग हेच का वगळायचं.

आता यंदाची गोष्ट. समितीत एक नवी सभासद आली होती. ती शहर बसची ड्रायव्हर, मुलगा दुसरीत. पस्तिशीची, सडसडीत, बैठकीला कामावरच्या जाकिटातच येणारी. सगळे तिला ड्रायव्हरताई म्हणत. पहिल्या दोन बैठकांत ती काही बोलली नाही. तिसऱ्या बैठकीत तिने विचारलं की शाळेचं मागचं गेट कायम बंद का असतं.

त्या गेटला कुलूप बाईंनीच लावायला लावलं होतं, चौदा वर्षांपूर्वी. तेव्हा मागच्या गल्लीतून लाकडाच्या वखारीकडे लॉऱ्या जायच्या. दुसरीतली एक मुलगी वाऱ्याने उडालेल्या टोपीमागे गेटातून धावली, लॉरीने करकचून ब्रेक मारला. मुलीचा नुसता गुडघा खरचटला. पण तिची पाण्याची बाटली चाकाखाली आली होती, आणि ती चपटी झालेली बाटली बाईंनी स्वतःच्या हाताने उचलली होती. त्यानंतर पंधरा दिवसांत गेट बंद झालं. सगळी मुलं पुढच्या मोठ्या रस्त्याने येऊ-जाऊ लागली.

ड्रायव्हरताईंनी सांगितलं की वखार बंद होऊन आठ वर्षं झाली. ती गल्ली आता लॉऱ्यांना बंद आहे, तिथून फार तर सायकली जातात. आणि पुढचा रस्ता मात्र पूर्वीचा राहिलेला नाही.

बाई म्हणाल्या, "मागचं गेट आपण उघडं ठेवून पाहिलंय."

पुढे ताईंनी सुचवलं की निदान मोठी मुलं लहानांना बरोबर घेऊन येतील अशा टोळ्या करू. बाई म्हणाल्या, तेही करून पाहिलंय. मग वाचनालय शनिवारी उघडं ठेवण्याचा विषय निघाला, आणि बाईंच्या तोंडून तिसऱ्यांदा तेच वाक्य बाहेर पडलं. या वेळी मात्र ते त्यांना स्वतःला ऐकू आलं. जुन्या समितीत एक गृहस्थ होते. बाईंनी काही सुचवलं की ते डोळे मिटून हेच म्हणायचे. बाई तेव्हा घरी येऊन मिस्टरांपुढे चडफडायच्या की हा माणूस नुसती पाचर मारायला येतो. ते अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसायचे. आता आपण अध्यक्ष आहोत, एवढाच फरक.

बैठक संपल्यावर ताई जाकिटाची चेन ओढत निघाली होती. बाईंनी तिला दारात गाठलं आणि विचारलं की पुढच्या रस्त्याचं तुम्ही काय म्हणत होतात.

"बाई, मी रोज पावणेआठला तिथून बस नेते," ताई म्हणाली. "तुमच्या गेटासमोरची मुलं मला दिसत नाहीत."

एवढंच बोलून ती गेली. तिला पोराला आजीकडून घ्यायचं होतं.

चष्म्याच्या दुकानात 'दिसत नाही' हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडतं, तरी बाईंना त्या रात्री नीट झोप लागली नाही. सोमवारी सकाळी त्या शाळेच्या तीन थांबे आधी जाऊन उभ्या राहिल्या आणि ताईंच्या बसमध्ये चढल्या. गर्दी होती. त्या पुढे सरकत सरकत ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या. ताईंनी आरशात त्यांना पाहिलं, मान हलवली आणि बस काढली.

शाळा जवळ आली तशी डाव्या हाताला गाड्यांची रांग लागली. मुलांना सोडायला आलेल्या गाड्या, दुचाक्या, एक दुधाचा टेम्पो. ताईंचा पाय ब्रेकवर गेला. समोर कुणीच नव्हतं. बाईंना वाटलं, ही उगाच थांबतेय. तेवढ्यात टेम्पोच्या पुढून एक दप्तर बाहेर आलं, आणि दप्तराखाली दोन पाय. पोरगं रस्त्याकडे न बघताच पलीकडे गेलं.

"आधी दिसला तुम्हाला?" ताईंनी मागे न वळता विचारलं.

"नाही."

"मलाही नाही. मी अंदाजाने थांबते. सगळेच ड्रायव्हर थांबतील असं नाही."

बाई पुढच्या थांब्यावर उतरल्या आणि चालत मागच्या गल्लीत गेल्या. आठ वर्षांत त्या इकडे फिरकल्याच नव्हत्या. वखारीच्या जागी घरं झाली होती, खिडक्यांत कुंड्या होत्या. एक म्हातारे गृहस्थ गल्लीच्या मधोमध खुर्ची टाकून पेपर वाचत होते. गेटाच्या कुलपावर गंजाचा असा थर चढला होता की किल्लीचं भोक शोधावं लागलं. बाई तिथे उभ्या राहिल्या आणि त्यांना स्वतःचा राग आला. मग थोडं हसूही आलं. दुकानात येणाऱ्याला त्या दटावून सांगत की नंबर दोन वर्षांनी तपासून घेत जा, आणि स्वतः मात्र चौदा वर्षांपूर्वीच्या नंबराने गल्ली बघत होत्या.

त्याच दुपारी त्यांनी पॅडवर पहिली ओळ लिहिली.

त्यांना वाईट वाटत होतं असं नाही. उलट, खूप दिवस एका जागी बसून राहिल्यावर पाय मोकळे करावेसे वाटतात, तसं काहीतरी वाटत होतं. पण मिस्टरांनी मसुदा परत दिल्यावर त्या पुन्हा अडल्या, आणि शेवटी पत्रात एवढंच लिहिलं: 'बावीस वर्षांत मला शाळेची खूप माहिती झाली आहे. इतकी, की आता नवीन काही ऐकून घेण्याआधी मला उत्तर माहीत असतं. हे शाळेसाठी बरं नाही. म्हणून मी पुढच्या बैठकीनंतर अध्यक्षपद आणि सभासदत्व सोडत आहे.' मिस्टरांनी वाचलं. पेन्सिल उचलली, खाली ठेवली. म्हणाले, यात काही काढण्यासारखं नाही.

पत्र मिळालं त्या संध्याकाळी हेडसर दुकानात आले. चष्म्याची काडी निखळली आहे असं निमित्त होतं, पण काडी नुसती ढिली होती. बाईंनी ती घट्ट करायला घेतली. हेडसर स्टुलावर बसले आणि त्यांनी विचारलं की ड्रायव्हरताईंशी काही वाजलं का. बाईंनी बसमधली हकीकत सांगितली. मग हेडसरांनी वर्ष संपेपर्यंत तरी थांबा म्हणून गळ घातली. बाई म्हणाल्या की वर्ष संपलं की तुम्ही एखाद्या नवीन इमारतीचं कारण सांगाल, आणि मी थांबेन, कारण मला थांबायला आवडतं. तीच तर अडचण आहे.

"बाई, तुम्ही नसलात तर," हेडसर म्हणाले, आणि पुढचा शब्द अडला. बाई हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच धरून थांबल्या. "तर मला कोण सांगणार, की माझं चुकतंय?"

"ती सांगेल. मला सांगितलं ना."

हेडसर हसले. चष्मा घालून आरशात पाहिलं, आणि किती झाले असं नेहमीसारखं विचारलं. बाईंनी नेहमीसारखी, काही नाही म्हणून मान हलवली.

शेवटच्या बैठकीला पहिला विषय मागच्या गेटाचा होता. तो ठराव बाईंनी स्वतः मांडला. म्हणाल्या, बंद मी केलं, तेव्हा ते बरोबर होतं. आता उघडायचंही मीच सुचवते, कारण आता बंद ठेवणं चूक आहे. औषधवाल्यांनी आठ्या घातल्या. उद्या काही झालं तर कोण निस्तरणार, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. ताईंनी एक चौकडीचा कागद पुढे केला. त्यावर तिने गल्लीचा नकाशा काढला होता. कुठून सायकली येतात, कुठे दोन पालकांनी उभं राहायचं, सगळं त्यात होतं. खुर्ची टाकून बसणाऱ्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांशी बोलणंही झालं होतं. ते रोज तिथेच असतात, लक्ष ठेवायला आनंदाने तयार आहेत. औषधवाल्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"तुमचा जवळचा नंबर वाढलाय," बाई म्हणाल्या. "उद्या या."

"आधी नकाशा बघू दे, वहिनी."

ठराव एकमताने मंजूर झाला. हात सगळ्यांत शेवटी वर गेला तो औषधवाल्यांचा.

दुसरा विषय राजीनामा. बाईंनी आधीच बजावलं होतं की भाषणं नकोत, भेटवस्तू नको, नाहीतर मी मधूनच उठून जाईन. त्यामुळे सगळे जरा अवघडून बसले होते. चहा आला. मग हेडसर उठले. भाषण नाही, एकच वाक्य आहे, असं म्हणाले. त्या वाक्याला दोन मिनिटं लागली. वाचनालयातल्या त्या बुटक्या खुर्च्यांवर नऊ मोठी माणसं न हलता बसून होती, कुणीही त्यांचा शब्द पुरा करून दिला नाही.

ते म्हणाले, "मी या शाळेत आलो तेव्हा सगळ्यांनी माझं स्वागत केलं, आणि खरं मात्र फक्त तुम्ही बोललात."

बाईंनी चष्मा काढला आणि पुसला, बराच वेळ. औषधवाल्यांनी ते पाहिलं आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

अध्यक्ष कोण, यावर फार चर्चा झाली नाही. औषधवाले नको नको म्हणत झाले. ते कुरकुर करणार हे सगळ्यांना माहीत होतं. पण ते काम टाकणार नाहीत, हेही माहीत होतं. ताईंकडे गेटाचं काम आलं.

गेट उघडायच्या दिवशी सकाळी बाई मुद्दाम गेल्या नाहीत. आपण गेलो तर सगळे आपल्याकडे बघतील आणि ताईंना विचारायचं ते आपल्याला विचारतील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण दुकानात जीव लागेना. दोनदा त्यांनी एकाच काचेची कड घासली. साडेआठला मिस्टर दारात उभे. ते म्हणे सहज फिरायला गेले होते, वाट अगदी योगायोगाने त्या गल्लीतून गेली. त्यांनी खिशातून चिठोरं काढून वाचलं. कुलूप तेल घालूनही निघेना, शेवटी कापावं लागलं. मागून शंभरावर मुलं आली. दोन कुत्री आली, ती परत पाठवली. खुर्चीवाले गृहस्थ इतक्या पोरांना हात करत होते की त्यांचा पेपर तसाच घडीत राहिला. आणि गेटावर लावलेल्या पाटीत 'सावकाश'चा 'श' पोटफोड्या काढलाय.

"तुम्ही दुरुस्त नाही केलात?"

"दुसरीतल्या पोरांनी रंगवलाय. मी आधी पेन्सिल काढली होती. म्हटलं राहू दे."

पुढे पंधरा दिवसांनी ताई पोराला घेऊन दुकानात आली. त्याचे डोळे तपासायचे होते. तपासता तपासता तिने विचारलं की टोळ्यांची कल्पना पूर्वी का फसली होती. बाईंच्या जिभेवर अख्खं पुराण तयार होतं, तारखांसकट. त्यांनी ते गिळलं आणि एवढंच सांगितलं की तेव्हा मोठ्या मुलांना कुणी विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. "तुला काय वाटतं, कसं करावं?" ताई बोलत राहिली, पोरगं काचा बदलून बघायची ट्रायल फ्रेम नाकावर घेऊन आरशात स्वतःला वाकुल्या दाखवत राहिलं, आणि बाई ऐकत राहिल्या. तिच्या दोन कल्पना त्यांना पटल्या, एक बिलकुल पटली नाही. ती कोणती हे त्यांनी सांगितलं नाही. पोराला नंबर नव्हता. टोळ्यांचं पुढे चाललं, अगदी झकास नाही, पण चाललं.

महिन्याचा दुसरा गुरुवार आला तेव्हा साडेपाचला बाईंचा हात सवयीने दुकानाच्या दाराकडे गेला. दार त्यांनी ओढलंच, पण उजवीकडे शाळेकडे न वळता त्या डावीकडे वळल्या. पालिकेच्या तरणतलावावर मोठ्या माणसांसाठी नवशिक्यांचा वर्ग असतो, हे त्यांना कितीतरी वर्षं माहीत होतं. नेमका गुरुवारीच असतो आणि बैठकीमुळे दर महिन्याला एक तास बुडाला असता, म्हणून कधी गेल्या नव्हत्या. वर्गात त्या धरून पाच जण, सगळे पन्नाशीपुढचे, आणि शिकवणारी एक धिप्पाड तरुणी, शिट्टी गळ्यात.

चष्मा काठावर मिस्टरांच्या हवाली केल्यावर बाईंना समोरचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. निळं पाणी, पिवळे दिवे आणि शिट्टीचा आवाज येतो ती बाजू, एवढंच. तरुणीने सांगितलं की दांडा धरा, शरीर सैल सोडा आणि पाय मारा. बाईंनी पाय मारले. पाणी सगळीकडे उडालं, त्या मात्र होत्या तिथेच राहिल्या. नाकातोंडात पाणी गेलं. खोकत खोकत त्या उभ्या राहिल्या आणि शेजारच्या अनोळखी बाईंकडे बघून हसू लागल्या. त्या बाईही तेवढंच पाणी प्यायल्या होत्या.

"आजी, गुडघ्यातून नाही, कमरेतून," तरुणी म्हणाली.

"पुन्हा सांग," चष्मेबाई म्हणाल्या. "मला यातलं काही येत नाही."

तिने पुन्हा सांगितलं. बाईंनी दांडा धरला.